पॉली आणि अमावास्या

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्याचा, हे आठवायला मलाच वेळ लागतो. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे लक्षात आहे, आणि ते आठवले की घरात एकटा असलो तरी हसू येते. त्यात कुणाचा जीव गेला नाही, काही चोरीला गेले नाही, शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. पण एका तरुणाची नोकरी आणि अब्रू त्या शनिवार-रविवारी आमच्या टेबलावर पडली होती. नावे मी कुणाचीच लिहीत नाही. त्या दोघांनी स्वतःच घेतलेली टोपणनावे आहेत, ती पुरेशी आहेत.

शतक बदलायला आले होते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी बडोद्याच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. त्या दिवसांत शहरात जागोजागी सायबर कॅफे उघडले होते. लाकडी खोपट्यांत एकेक संगणक, बाहेर चपलांचा ढीग, आत पंख्याची घरघर. आणि जिकडेतिकडे एकच विषय होता, वायटूके. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरलेले असत. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आले की संगणक गोंधळणार, वीज जाणार, बँका बंद पडणार, विमाने कोसळणार, असे लोक पानाच्या गादीवरसुद्धा बोलत. आम्हालाही वरून पत्र आले होते. एकतीस डिसेंबरला वीज उपकेंद्रे, पाण्याच्या टाक्या आणि टेलिफोन एक्स्चेंजवर बंदोबस्त ठेवायचा होता. त्यामुळे वीज आणि एकतीस तारीख हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमचे कान टवकारत.

अशात एका शुक्रवारी दुपारी हद्दीतला एक सायबर कॅफेवाला ठाण्यात आला. गुजराती, हसतमुख माणूस. एरवी आला की सगळ्यांना 'जय श्रीकृष्ण' करत आत यायचा. त्या दिवशी तो थेट माझ्या खोलीत शिरला आणि दार लोटून घेतले.

"साहेब, आ जुओ," म्हणून त्याने एक छापील कागद पुढे केला. "रोज संध्याकाळी एक जण येतो. कंपनीचा निळा शर्ट. एक शब्द बोलत नाही. एक बोट दाखवतो, म्हणजे एक तास. काल वेळ संपली तसा उठून गेला आणि पान उघडंच राहिलं. मी वाचलं अने मारा तो हाथ ठंडा थई गया."

मजकूर इंग्रजीत होता. दोन माणसांचे वादावादीचे संवाद होते. एकाचे नाव पॉली, दुसऱ्याचे अमावास्या. अमावास्येने लिहिले होते, "एकतीसला ग्रिड डाउन. मग टीईओटीडब्ल्यूएडब्ल्यूकेआय. सरकार लपवतंय. सगळे डीजीआय संपणार. इकडे रॉकेल भरून झालं, काडेपेट्या घेऊन झाल्या." त्याखाली पॉलीचे उत्तर होते, "बीआयटीआर. एवढंच. पैज लावा." आणि शेवटी अमावास्येचे, "रविवार, करजण स्टेशन, सकाळी. एफटूएफ. पुरावा माझ्याकडे आहे."

माझे फौजदार त्या वेळी नुकतेच प्रशिक्षण संपवून आले होते. हुशार आणि उत्साही गृहस्थ. त्यांनी कागद उलटसुलट करून वाचला आणि त्यांचे डोळे चमकले.

"साहेब, सांकेतिक भाषा आहे ही. हे बघा, डीजीआय. टाइप करताना अक्षरं मागेपुढे झालीत. डीआयजी लिहायचं होतं त्यांना."

"सगळे डीआयजी संपणार?"

"हो साहेब. आणि एफटूएफ म्हणजे फायर टू फायर. रॉकेल, काडेपेट्या. सगळं जुळतंय."

"आणि ते टीईओटी काय आहे?"

फौजदारांनी तो शब्द तीन वेळा वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "वाहनाचा नंबर असावा. बाहेरच्या राज्याचा."

आज हे लिहिताना गंमत वाटते. त्या खोलीत कुणालाच गंमत वाटली नव्हती. वीज, रॉकेल, ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस असे सगळे एका कागदावर आलेले असताना पोलिसाने हसून सोडून द्यायचे नसते. स्टेशन डायरीत जाणवाजोग नोंद केली, म्हणजे गुन्हा न नोंदवता मिळालेल्या माहितीची नोंद. मग एसीपी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी सकाळपर्यंत मला ठोस काहीतरी द्या. नाहीतर कागद क्राइम ब्रँचकडे जाईल." क्राइम ब्रँचकडे गेला म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, हे न सांगता कळण्यासारखे होते.

शनिवारी गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कंपन्यांत अर्धा दिवस काम असे. दुपारी निळा शर्ट कॅफेत शिरला, तेव्हा आमचे साध्या वेशातले दोन शिपाई शेजारच्या संगणकांवर पत्ते खेळत बसले होते. त्याने काही विरोध केला नाही. मुकाट उठला, चपला शोधून घातल्या आणि जीपमध्ये येऊन बसला.

मुलगा पंचविशीचा. मराठी. तरसालीला राहणारा. वडील रेल्वेत होते, ते वारलेले, घरी आई. कंपनीत यंत्रांना जोडलेल्या संगणकांची देखभाल करायचा. हे सगळे त्याच्या खिशातल्या ओळखपत्रावरून आणि कंपनीच्या पहारेकऱ्याकडून कळले. त्याच्याकडून काहीच कळले नाही.

मी विचारले, "पॉली कोण?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"अमावास्या कोण आहे? रॉकेल कुठं ठेवलंय? बेटा, आत्ता बोललास तर तुझ्याच फायद्याचं आहे."

उत्तर नाही. फौजदारांनी आवाज चढवून बघितला. मग समजुतीने विचारले. मग गुजरातीतून, मग हिंदीतून. मुलगा घामाने भिजला, पण तोंडातून अक्षर नाही. तासाभराने फौजदार मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, हा तयार केलेला माणूस आहे. एवढं गप्प राहायचं शिकवावं लागतं."

मला ते पटत नव्हते. गप्प राहणारे मी पुष्कळ पाहिले होते. लपवणारा माणूस गप्प राहतो तेव्हा तोंड घट्ट मिटतो आणि नजर खाली किंवा भिंतीवर लावतो. हा मुलगा प्रत्येक प्रश्नाला तोंड उघडत होता. मानेच्या शिरा ताठ होत, ओठ एकमेकांवर दाबले जात, डोळे किलकिले होत, आणि मग तो हरल्यासारखा मान खाली घाली. लपवणाऱ्याला असे कष्ट पडत नाहीत. हे कष्ट बाहेर काढण्याचे होते.

मी आत जाऊन समोर बसलो, पाण्याचा पेला पुढे केला आणि प्रश्न विचारायचे बंद केले. तो पाणी प्यायला. मग त्याची बोटे टेबलाच्या कडेवर हलू लागली. आधी मला वाटले, घाबरून थरथरताहेत. पण दहाही बोटे एका लयीत आणि ठरावीक जागी पडत होती. माणूस मनात बोलतो तसा हा बोटांनी बोलत होता.

आमच्या ठाण्यात तेव्हा नुकताच एक संगणक येऊन पडला होता. तो कुणालाच चालवता येत नसल्याने त्यावर कायम प्लॅस्टिकचे आवरण असे आणि आवरणावर आमच्या रायटरचा, म्हणजे ठाण्याच्या कारकुनी शिपायाचा, जेवणाचा डबा. मी डबा उचलायला लावला, आवरण काढले आणि मुलाला खुर्ची दिली.

"इथं लिही. काय हवं ते लिही."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला जामीनच दिला होता. संगणक सुरू व्हायला लागलेला वेळ त्याला मोठा वाटला असावा. मग जे सुरू झाले त्याला तोड नव्हती. इंग्रजी अक्षरांतून मराठी, इतक्या वेगाने, की फौजदारांना वाचताना धाप लागली.

पहिली ओळ होती, "साहेब, मी मुका नाही. मी अडखळतो. अनोळखी माणसासमोर जास्त. पोलीस चौकीत तर बघायलाच नको."

दुसरी होती, "फायर टू फायर नाही. फेस टू फेस. म्हणजे समोरासमोर भेटणे."

फौजदारांनी घसा साफ केला.

मग त्याने एकेक गाठ सोडवली. परदेशातले एक चर्चापीठ होते. जगभरची माणसे तिथे वायटूकेवर भांडत. एका बाजूचे म्हणत की सरकारांना सगळे ठाऊक आहे, ती मुद्दाम लपवत आहेत, वीज जाताच लष्कर बोलावून मूठभर लोक जगाचा ताबा घेणार आहेत. हे ज्यांना पटले ते जीआय, म्हणजे 'ज्यांना कळले ते'. ज्यांना पटत नाही ते डीजीआय, म्हणजे 'ज्यांना कळत नाही ते'. टीईओटी वगैरे लांबलचक अक्षरे म्हणजे 'आपण ओळखतो त्या जगाचा शेवट'. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर बीआयटीआर, म्हणजे 'रस्त्यातला एक खड्डा, बाकी काही नाही'. आणि सगळे ठीक होईल असे म्हणणाऱ्याला तिथे, एका इंग्रजी कादंबरीतल्या सदा आशावादी मुलीच्या नावावरून, हिणवून पॉली म्हणत. याने तेच आपले नाव करून टाकले होते.

फौजदार आता स्वतःच खुर्ची ओढून बसले. "म्हणजे डीआयजी साहेबांना काही धोका नाही?"

मुलाने टाइप केले, "डीआयजी साहेब जीआय आहेत की डीजीआय, ते मला माहीत नाही."

आमचा रायटर इतका हसला की त्याला बाहेर पाठवावे लागले. मुलगाही हसला. हसताना तो अडखळला नाही.

मी विचारले, "एवढी तोडकी भाषा कशाला? सरळ लिहायला काय होतं?"

या प्रश्नावर त्याची बोटे पहिल्यांदा थांबली. मग त्याने सावकाश लिहिले, "साहेब, मी बोलतो तेव्हा माझे शब्द तुटतात. लोक तोंड फिरवतात नाहीतर माझं वाक्य स्वतः पुरं करतात. तिथं सगळेच तुटक बोलतात. अक्षरं तोडूनच बोलायची तिथली रीत आहे. तिथं मी कुणाहून वेगळा नाही. उलट तिथं मला घाबरतात."

मी ते दोनदा वाचले.

पण पोलिसाला मन भरून येऊन चालत नाही. रॉकेल खरे होते की खोटे, हे कळायला हवे होते. अमावास्या कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हते. महिनोन्‌महिने भांडताना एकदा दोघांच्या लक्षात आले होते की आपण जगाच्या दोन टोकांना नसून एकाच जिल्ह्यात आहोत. तेव्हा अमावास्येने भेटीचे आव्हान दिले होते आणि याने भरात 'ठीक' असे लिहून टाकले होते.

"मग उद्या सकाळी आपण करजणला जायचं," मी म्हणालो.

मुलगा पांढरा पडला. त्याने भराभर टाइप केले. "साहेब, मला गुन्हेगार ठरवा. लॉकअपमध्ये ठेवा. पण एफटूएफ नको. मी जाणारच नव्हतो. तिथं मी शब्दाला शब्द देतो. समोर आलो की पहिल्याच अक्षराला अडकेन. मग सगळं संपलं. मला तिथंही तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

इतक्या वर्षांत लॉकअप मागून घेणारा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

तेवढ्यात त्याची आई आली. शिपायाने घरी निरोप दिला होता. नऊवारीतली ठेंगणी बाई, हातात डबा. ती रडत येईल असे मला वाटले होते. ती तरातरा आली आणि मुलाला म्हणाली, "काय रे, काय करून ठेवलंस?"

मुलगा म्हणाला, "का-काही नाही गं आई, स-सायबरवाल्याला काहीतरी वाटलं."

आम्ही सगळे थक्क. माणूस बोलला.

"घरी बोलतो की," आई म्हणाली. "माझ्याशी भांडताना तर एकदासुद्धा अडखळत नाही. बाहेर गेला की मिठाची गुळणी. साहेब, केलं काय यानं?"

मी थोडक्यात सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि निर्णय दिला. "जाऊन ये करजणला. भांडायला जायचंय ना? भांडता येतं तुला, मला चांगलं ठाऊक आहे."

चौकशीसाठी बोलावलेला होता, अटक नव्हती. त्याला आईच्या हवाली करून घरी पाठवले. करजण आमच्या हद्दीबाहेर, म्हणून तिथल्या ठाण्याला फोनवरून कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, फौजदार आणि तो मुलगा साध्या कपड्यांत करजण स्टेशनासमोरच्या नाश्त्याच्या दुकानात जाऊन बसलो. तिथला एक शिपाई बाहेर सायकल पुसत उभा होता. समोर गरम फाफडा आणि कढीची वाटी आली. मुलाने हात लावला नाही. तो ओठांतल्या ओठांत एकच शब्द घोकत होता.

आम्ही एखाद्या दाढीवाल्या, काळ्या चष्म्याच्या माणसाची वाट बघत होतो. फौजदारांनी आत येणाऱ्या एका विमा एजंटावर बराच वेळ नजर ठेवली. मग दुकानात एक मुलगी शिरली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला फुगलेली पिशवी, मागे पांढरी टोपी घातलेले तिचे वडील. तिने दुकानभर नजर फिरवली. कुणाला तरी शोधत होती, पण आमच्या टेबलावरून तिची नजर सरळ पुढे गेली.

"नथी आवी," ती वडिलांना म्हणाली. आली नाही. आणि मग हताश होऊन, "पॉली बीकण छे. मने खबर हती."

पॉली भित्री आहे म्हणे! तेव्हा मला उलगडले. पॉली हे नाव ऐकून ती इतके महिने एका मुलीशी भांडत होती. म्हणूनच तर करजणसारख्या गावातली चारचौघांतली मुलगी अशी भेटायला तयार झाली होती, आणि वडील सोबत येऊनही हरकत घेत नव्हते.

माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुलगा उभा राहिला होता. मी त्याला उठ म्हटले नव्हते. कदाचित भित्री म्हटल्याने उठला असेल.

"प..." तो म्हणाला. "प... प..."

मुलीने वळून पाहिले. दुकानातल्या आणखी चार माणसांनी पाहिले. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ एकमेकांवर दाबले गेले. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. अशा वेळी समोरच्याचा शब्द आपण पुरा करून टाकावा, ही इच्छा किती जबर असते ते मला तेव्हा कळले. मी दात दाबून धरले. फौजदार तोंड उघडत होते, त्यांचा हात धरला.

"प... प... पॉली," तो म्हणाला. "हुं पॉली."

मुलीने त्याला खालून वरपर्यंत पाहिले. "तू? तू छोकरो छे?"

"ह... हा."

ती हसू लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. त्याच्या बोलण्याला नाही, आपल्याच फजितीला. ते हसू इतके मोकळे होते की त्यात कुणाला बोचेल असे काही नव्हते. मुलाचा चेहरा आधी पडला, मग त्यालाही हसू फुटले. हसता हसताच तो काहीतरी सांगू लागला आणि परत अडकला. ती समोरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बोल, बोल. मारे उतावळ नथी. एकत्रीसने हजी घणी वार छे."

मला घाई नाही, एकतीसला अजून खूप अवकाश आहे. जगाचा शेवट जवळ आला असे महिनोन्‌महिने ओरडून सांगणाऱ्या मुलीचे हे वाक्य होते.

मी उठून ओळख दिली. पोलीस म्हणताच तिचे वडील हात जोडून माझ्याकडे आले. मला वाटले, घाबरले. ते म्हणाले, "सारुं थयुं साहेब, तमे आव्या. हवे तमे ज आने समजावो." बरे झाले आलात, आता तुम्हीच हिला समजवा. त्यांचे गावात बी-बियाणांचे दुकान होते. मुलगी रोज गाडीने बडोद्याला अपडाउन करून एका खाजगी संगणक वर्गात शिकवायची, आणि तिथूनच हे सगळे वाचून लिहून करायची. तिने घरादाराला पटवले होते. मागच्या खोलीत गव्हाची पोती, डाळी, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि रॉकेलची पिंपे. "घरमां सूवानी जग्या नथी रही साहेब," ते कळवळून म्हणाले. "मी दुकानात झोपतो."

घर जवळच होते. मी आणि फौजदार जाऊन पाहून आलो. म्हातारा खोटे बोलत नव्हता. खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. घरात एवढे रॉकेल साठवणे कायद्यात बसत नाही आणि धोक्याचेही आहे. शेजारपाजारच्या रेशनकार्डांवरचे गोळा केलेले होते. करजणच्या शिपायाला सोबत देऊन त्याच दिवशी ज्याचे त्याला परत करायला सांगितले. वडिलांनी ते इतक्या आनंदाने केले की शिपायालाच चहा पाजला.

परत नाश्त्याच्या दुकानात आलो तर वाद ऐन रंगात होता. मुलीने पिशवीतून कात्रणे काढून टेबलभर मांडली होती. तिचा मुख्य पुरावा असा की वर्गातल्या एका संगणकाची तारीख तिने पुढे करून पाहिली, तर नवे शतक उजाडायच्या ऐवजी तो मागच्या शतकात गेला. मला वाटले, पॉली हे उडवून लावणार. त्याने मान डोलावली.

"ते ब... बरोबर आहे," तो गुजरातीतून म्हणाला. "तो संगणक चुकणारच. आमच्या कंपनीत पण असे स... सापडले. आम्ही दुरुस्त केले. सगळीकडे माणसं तेच क... करतायत. कुणी लपवत नाहीये. फक्त ती माणसं बोलत नाहीत, काम करतायत."

"मग सरकार का नाही सांगत?"

"सांगतंय. क... कंटाळवाणं सांगतंय. म्हणून तू वाचत नाहीस."

ती चिडली, मग विचारात पडली. "माझ्या वर्गातला संगणक तू दुरुस्त करशील?"

"हो."

"आणि तरी एकतीसला वीज गेली तर?"

"तर म... मी जाहीर लिहीन, की मी डीजीआय होतो."

तो एका वाक्यात दोनदोनदा अडकत होता. ती दर वेळी थांबत होती. वाक्य पुरे झाल्यावर मात्र ती त्याला सोडत नव्हती, त्याचे म्हणणे खोडून काढत होती. मला वाटते त्याला हवे होते ते हेच. दया करणारे त्याला आयुष्यभर पुष्कळ भेटले असतील, पण तो बोलेपर्यंत थांबणारे आणि मग बरोबरीने भांडणारे कुणी भेटले नव्हते. आम्ही उठायला लागलो तेव्हा फाफडा गार झाला होता आणि दोघांनी मिळून तो संपवला होता.

सोमवारी सकाळी एसीपी साहेबांपुढे उभा राहिलो. सगळे ऐकून ते म्हणाले, "डीजीआय म्हणजे काय, ते पुन्हा एकदा सांगा." मी सांगितले. ते म्हणाले, "मग आपल्या खात्यात पुष्कळ आहेत," आणि जाणवाजोग नोंद निकाली काढायला परवानगी दिली. गोरव्याच्या कंपनीत पोलीस चौकशीची बातमी पोचली होती आणि मॅनेजरने मुलाला गेटवरच थांबवून ठेवले होते. मी स्वतः जाऊन सांगितले की चौकशीत गैर काही आढळले नाही, उलट याने पोलिसांना एका तांत्रिक बाबीत मदत केली. ते खोटे नव्हते. आमच्या रायटरला संगणक त्यानेच शिकवला, पुढचे कित्येक शनिवार येऊन. रायटर त्याच्याशी खुशाल गप्पा मारी, आणि हळूहळू ठाण्यातल्या सगळ्यांशी तो बोलू लागला. अडखळायचा, पण थांबायचा नाही.

नवे वर्ष उजाडले. वीज गेली नाही. सकाळी आंघोळ करून मी ठाण्यात आलो तर माझ्या आधी तो हजर, आणि सोबत करजणची मुलगी, हातात पेढ्यांचा पुडा. त्या चर्चापीठावर पहाटेच तिने लिहिले होते, "मी हरले. बीआयटीआर." खाली जगभरच्या लोकांनी तिला फितूर, विकलेली आणि काय काय म्हटले होते. याने एकेकाला उत्तर दिले होते. ती मला म्हणाली, "साहेब, हा फार उद्धट लिहितो." आणि ते सांगताना तिला झालेला आनंद लपत नव्हता. त्यांचे लग्न पुढच्या वर्षी झाले. मराठी-गुजराती, दोन्ही पद्धतींनी. मुलाची आई मांडवात सगळ्यांना सांगत होती, "पोलिसांनी जमवलंय, मोडायची सोय नाही."

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे मला पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या मुलांनी एकदा विचारले होते. मी त्यांना सांगितले की समजत नाही असा शब्द दिसला की माणूस त्यात आपली भीती भरतो. फौजदारांनी डीजीआयमध्ये डीआयजी पाहिले, कारण त्यांना डीआयजींची काळजी होती. त्या मुलीने सरकारच्या कंटाळवाण्या पत्रकांत कट पाहिला, कारण तिला अंधाराची भीती होती. दोघेही हुशार होते आणि दोघेही प्रामाणिक होते. अशा वेळी तो शब्द ज्याचा आहे त्यालाच विचारावे, आणि त्याला ज्या वाटेने सांगता येईल ती वाट काढून द्यावी. चौकशी म्हणजे नुसते विचारणे नव्हे. समोरच्याचे सांगून होईपर्यंत थांबता आले पाहिजे, आणि ते विचारण्यापेक्षा कठीण आहे.

निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून कुणी बोलेना. फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच गळ्यात काहीतरी अडल्यासारखा आवाज. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण आहे? राँग नंबर असेल, ठेवा." मी तिला हाताने गप्प केले आणि खुर्ची ओढून बसलो. अशा माणसाला फोन हे सगळ्यात अवघड काम असते, हे त्यानेच मला पूर्वी सांगितले होते. चिठ्ठी पाठवता आली असती, बायकोला बोलायला लावता आले असते. त्याने स्वतः फोन केला होता.

"स... सा... साहेब," तो म्हणाला. मग बराच वेळ पुन्हा श्वास. "मु... मु..."

मला कळले होते. तरी मी बोललो नाही. ते त्याचे होते, त्यानेच सांगायचे होते. मी फोन कानाला घट्ट धरून बसून राहिलो, आणि माझे डोळे आधीच भरून आले.

"मुलगी झाली, साहेब!"

मागून करजणच्या आवाजात कुणीतरी ओरडले, "साहेबने कहो, आ पण बहु बूम पाडे छे!" साहेबांना सांगा, ही पण फार आरडाओरडा करते! आणि तिच्या मागून ते नवे बाळ, एकदाही न अडखळता, गळा काढून रडत होते.